किलोभर साखरेतले साडेतीन रुपये

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याहून घरी जाताना सेंद्रिय गुळाच्या पावडरीचा एक पुडा घेऊन गेलो. आमचे घर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या हद्दीजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. चहूबाजूंनी ऊस. आईने पुडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, किंमत वाचली आणि म्हणाली, "आरं, गूळ पुण्यासनं आणलास व्हय? हितं?"

मी जरा ओशाळलो आणि मग बाजू मांडायला लागलो. यात रसायन नाही, शेतकऱ्याला भाव बरा मिळतो, दुप्पट पैसे जातात पण बरोबर ठिकाणी जातात, वगैरे. आईने ऐकून घेतले. त्या आठवड्यात आमच्या शिवारात तोडणी चालू होती आणि मागच्या पडीक तुकड्यावर टोळीने कोप्या घातल्या होत्या. ती तिकडे बघत म्हणाली, "शेतकऱ्याला मिळत्यात म्हणतोस. आन् तोडणाऱ्याला?"

पुड्यावर त्याबद्दल काही छापलेले नव्हते.

हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना दुकानात उभे असताना पडतो. स्वस्त घ्यावे की बरे घ्यावे? बरे म्हणजे कुणासाठी बरे? आणि महिन्याच्या बजेटमध्ये बरेपणाला किती रुपये ठेवायचे? माझ्या पिढीला वाटते की हा प्रश्न मॉल आणि ॲप आल्यानंतरचा आहे. पण मी आमच्याच दोन तालुक्यांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा ध्यानात आले की इथल्या लोकांनी तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता, आणि बराच जोरात विचारला होता.

सुप्याचा बाजार, कळसचे समापत्र

१२ मे १८७५. सुपे. आज बारामती तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेल्या कुणब्यांनी गुजर सावकारांची घरे आणि दुकाने गाठली. शाळेत आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ करतो. पाठ्यपुस्तकात सावकार म्हटले की डोळ्यांसमोर तिजोरीवाला माणूस येतो. सुप्याचा सावकार मात्र दुकानदारही होता. धान्य, कापड, तेल-मीठ त्याच्याकडूनच यायचे, आणि कर्जही त्याच्याकडूनच. सुगीला शेतकऱ्याचे धान्य तो पडत्या भावात घ्यायचा आणि पावसाळ्यात तेच धान्य त्याच शेतकऱ्याला चढ्या भावात उधार द्यायचा. किराण्याची वही आणि कर्जाचे खत एकाच पेटीत असायचे. त्या दिवशी लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, खते, हुकूमनामे बाहेर काढून जाळले गेले.

यामागे लांबची कारणे होती. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून इथल्या कापसाचा भाव चढला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. इंदापूर हा तालुका तर इंग्रजी महसुलाची प्रयोगशाळाच होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास तीस वर्षांच्या सारा-आकारणीची पद्धत इथेच बसवायला घेतली, आणि तीस वर्षे भरल्यावर १८६७मध्ये फेरआकारणीची सुरुवातही इथूनच झाली. सारा एकदम वाढला. रोख पैसा हवा, तो सावकाराकडेच, आणि परतफेड त्याच्याच वहीत.

पण दंग्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दंग्याच्या आगेमागे झालेले दुसरे काम. गावोगावच्या लोकांनी समापत्रे केली, म्हणजे सगळ्यांनी मिळून लेखी ठराव केले. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचे असे समापत्र दंग्यांच्या चौकशीच्या कागदपत्रांत आले आहे. गुजरांची जमीन कुणी कसायची नाही, त्यांची चाकरी करायची नाही, आणि जो हे मोडेल त्याची न्हावी-परटाची सेवा बंद. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात १८७४च्या अखेरीस सावकाराविरुद्ध अशीच बंदी झाली होती.

कळस आमच्या घरापासून दुचाकीवर जाण्याच्या अंतरावर आहे. अनेकदा त्या गावातून गेलो, पण हे कुणी सांगितले नव्हते. आज ज्याला आपण 'बॉयकॉट' म्हणतो तो शब्द इंग्रजीत यायच्या आधीच ती गोष्ट इथे झाली होती. आयर्लंडमधल्या कॅप्टन बॉयकॉटवरून तो शब्द निघाला तो १८८०मध्ये.

या समापत्राची एक बाजू आज वाचताना टोचते. मोडणाऱ्याला जातिव्यवस्थेच्याच हत्याराने शिक्षा करायची, ही तिची ताकद होती. न्हावी आणि परीट यांचे यात काय मत होते, हे कुणी विचारले नसणार. तरी एक गोष्ट खरी: कळसच्या शेतकऱ्याने 'मी एकटा दुसऱ्या दुकानात जातो' असे म्हटले नाही, कारण दुसरे दुकानच नव्हते. त्याला आधी शेजाऱ्याशी बोलावे लागले. १८७९मध्ये सरकारने डेक्कन शेतकरी कायदा केला आणि सावकाराच्या कागदावर कोर्टाला प्रश्न विचारता येऊ लागले. तो कायदा एकेकट्या गिऱ्हाइकाच्या निवडीतून आला नव्हता.

मोरस

आता थोडे लांब जाऊ, कारण किराणा आणि नीती यांची गाठ जगात पहिल्यांदा घट्ट बसली ती साखरेवरच.

१७९१मध्ये लंडनमध्ये विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने एक पत्रक काढले. वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांकडून पिकवलेली साखर आणि तिच्यापासून केलेली रम घेऊ नका, असे आवाहन. त्यात त्याने एक हिशेब मांडला होता, आणि सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या माणसाला तो बघून हेवा वाटावा. आठवड्याला पाच पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती बंद केली तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळते. पत्रकाच्या हजारो प्रती खपल्या. सुमारे तीन लाख लोकांनी ही साखर सोडली, असा त्याच चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनचा अंदाज होता. यात बायका पुढे होत्या. त्यांना मत नव्हते, पण घरात साखर कोणती येणार हे त्यांच्या हातात होते. १८२०च्या दशकात लेस्टर शहरात एलिझाबेथ हेरिक दारोदार फिरून लोकांना साखर सोडायला सांगत होती. त्याच सुमारास 'ही साखर गुलामांनी केलेली नाही, ईस्ट इंडियाची आहे' अशा अर्थाचा मजकूर लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवायची पद्धत पडली.

म्हणजे पर्याय होता, आणि तो हिंदुस्थानातून आलेला होता. गुलामीमुक्त म्हणून इंग्रज गृहिणी जी साखर दुप्पट समाधानाने चहात घालत होती ती कंपनी सरकारच्या मुलखातली. तिथे वेठ होती, सावकारी होती, आणि गुलामीही होती. हिंदुस्थानातल्या गुलामीला कायद्याने बंद करायला १८४३ साल उजाडावे लागले. साखरदाणीवर तेवढे लिहायला जागा नव्हती. माझ्या गुळाच्या पुड्याचे पणजोबा म्हणजे ही साखरदाणी.

इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७मध्ये आणि गुलामी १८३३च्या कायद्याने बंद केली. त्यात साखर सोडणाऱ्या घरांचा वाटा होता, पण जमैकात १८३१च्या अखेरीस हजारो गुलामांनी केलेल्या उठावाचा वाटाही मोठा होता. आणि गुलामी संपल्यावर साखरेच्या मळ्यांना माणसे हवीच होती. १८३४पासून मॉरिशसला करारावरचे मजूर हिंदुस्थानातून जायला लागले. त्यात मराठी माणसेही होती; मॉरिशसचा मराठी समाज आजही आहे. तिथली पांढरी साखर मुंबईच्या बंदरात उतरायची आणि तिला मराठीत एक नाव पडले: मोरस. जुन्या मराठी शब्दकोशांत हा शब्द आहे. चिनी चीनवरून, मिसरी इजिप्तच्या मिस्रवरून, तशी मोरस मॉरिशसवरून. आपल्या भाषेत साखरेची नावे ही मालाच्या मूळ गावाची लेबले आहेत. पण ती देश सांगतात, हात सांगत नाहीत. मोरस साखरेत मराठी मजुराचाच घाम असेल हे ती विकत घेणाऱ्या मुंबईकराला कळायचे कारण नव्हते.

१९०५ला स्वदेशीची चळवळ उभी राहिली तेव्हा विलायती कापडाबरोबर परदेशी साखरही बहिष्काराच्या यादीत आली. परदेशी साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, हा प्रचाराचा एक मुद्दा होता आणि तो खराही होता. सण आणि नैवेद्य यांच्या घरात तो पटकन पोचला. पण त्यात देश होता, धर्म होता. मळ्यातला मजूर कुठे फारसा दिसत नाही. आणि स्वदेशी साखर महाग पडायची. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या बिटाच्या साखरेला तिकडच्या सरकारांचा आधार होता, म्हणून ती स्वस्त. तिच्यावर कर्झनच्या सरकारने १८९९मध्येच जादा जकात बसवली होती. महाग पण आपले की स्वस्त पण परके, हा वाद आमच्या आजोबांच्या आजोबांनी घातलेला आहे.

कालवा

इथे परत गावाकडे यायला हवे, कारण मोरसची जागा घेणारी साखर आमच्या दारात तयार होणार होती.

सुप्याच्या दंग्याला एक वर्ष झाले आणि १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर सरकारने भोर भागात येळवंडी नदीवर भाटघरचे धरण आणि वीरपासून निघणारा नीरा डावा कालवा हाती घेतला. १८८५च्या सुमारास कालव्याला पाणी आले. कल्पना अशी होती की दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचेल. पण पाण्याचे पैसे भरून ज्वारी परवडत नाही, हे शेतकऱ्याला लवकर कळले. परवडतो तो ऊस. सासवडकडून माळी समाजातले कसबी बागायतदार खाली आले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या आणि उसाची शेती कशी करायची हे या भागाला दाखवले. पुढे त्याच सासवडच्या माळ्यांनी १९३०च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवुड यांनी 'रेझिंग केन' या १९९२च्या पुस्तकात आमच्या भागाची ही सगळी कथा सविस्तर मांडली आहे.

सुरुवातीची चाळीस-पन्नास वर्षे या उसाचा गूळ व्हायचा. गुऱ्हाळ, चुलवाण, काहील, ढेपा. रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे. मग गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडायला लागला आणि गुऱ्हाळात हायड्रोस पावडर आली. आज त्याच गिऱ्हाइकाचा नातू 'केमिकल-फ्री' म्हणून काळपट गुळाला दुप्पट पैसे देतो. दोन्ही वेळा गुऱ्हाळवाल्याने गिऱ्हाइकाचे ऐकले. गिऱ्हाइकाने विचारले ते रंगाबद्दल.

सरकारने १९३२मध्ये साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला. जावाच्या साखरेवर जकात बसली आणि देशात कारखान्यांची रांग लागली. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांच्या मंडळींनी हजारो एकरांची शेती आणि कारखाना उभा केला, ते वालचंदनगर. आसपासच्या शेतकऱ्यांनी जमिनी कंपनीला खंडाने दिल्या. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर राज्यातल्या अशा खासगी साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३मध्ये त्यासाठी शेती महामंडळ निघाले. 'खंडकरी' हा शब्द आमच्याकडे अजून आडनावासारखा वापरतात, कारण जमीन परत मिळवण्याची वाट कित्येक घरांनी दोन पिढ्या पाहिली.

तोवर सहकार आला होता. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या कारखान्याने १९५०-५१ला पहिले गाळप केले. पाठोपाठ आमच्याकडे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर. कळसच्या समापत्राचे हे रीतसर नोंदणी केलेले रूप होते असे मला वाटते. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना, त्याच्याच संचालकांना तो निवडणार, काट्यावर वजन तोच बघणार. शाळा, दवाखाने, पतसंस्था, कॉलेज या त्याच पैशांतून आले. मी ज्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणावर आज जेवतो तेही शेवटी उसाचेच. दिवाळीला सवलतीच्या दराने घरी येणारे सभासदाचे साखरेचे पोते ही त्या मालकीची गोड पावती.

पण समापत्रावर सह्या कुणाच्या, हा प्रश्न इथेही राहिला. शेअर जमिनीवाल्याला मिळतो. तोडणाऱ्याला मिळत नाही.

भाव ठरवतो कोण

दुकानात साखर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास असते तेव्हा ती किंमत दुकानदाराने ठरवलेली नसते, आणि बऱ्याच अंशी बाजारानेही नाही.

साखर ही अत्यावश्यक वस्तू. १९६७पासून कारखान्याच्या साखरेचा एक भाग लेव्ही म्हणून सरकार ठरवेल त्या भावाने रेशनला द्यायचा आणि उरलेला खुल्या बाजारात विकायचा, अशी पद्धत होती. सुरुवातीला लेव्हीचा वाटा साठ टक्के होता. शेवटी तो दहा टक्क्यांवर आला आणि २०१३मध्ये रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर लेव्ही संपली. उसाचा किमान दर केंद्र ठरवते. पूर्वी एसएमपी, २००९पासून एफआरपी. २०१८मध्ये साखरेलाही किमान विक्री दर आला, किलोला २९ रुपये. फेब्रुवारी २०१९मध्ये तो ३१ झाला. एफआरपी २०१८-१९ला क्विंटलला २७५ रुपये होती, ती २०२४-२५ला ३४० झाली. साखरेचा किमान दर या सगळ्या वर्षांत ३१वरच होता.

या दरांच्या मागे दोन मोर्चे उभे आहेत आणि दोन्ही बरोबर होते, ही अडचण आहे. १९७२मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांची समिती निघाली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. साखर, तेल, रॉकेल परवडेल अशा भावात मिळाले पाहिजे. त्यांच्या घरातला महिनाअखेरचा डबा खरोखर रिकामा होता. १९८०च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने रस्ते अडवले. उसाला टनाला तीनशे रुपये द्या. त्या शेतकऱ्याचा खर्चही खरोखर निघत नव्हता.

२०११च्या नोव्हेंबरात राजू शेट्टी पदयात्रा काढून बारामतीत येऊन बसले. उसाला पहिली उचल २३५० रुपये मागत होते. मी तेव्हा शाळेत होतो. घरात दोन गट पडले: आमच्या कारखान्याविरुद्ध बाहेरचा माणूस कशाला बोलतो, असे एका गटाचे, आणि भाव वाढला तर आपल्यालाच मिळणार ना, असे दुसऱ्याचे. दुसरा गट हळू आवाजात बोलायचा. त्या सगळ्या दिवसांत टनाचा भाव हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला. तोडणीचा भाव किती, हे कुणी बोलल्याचे आठवत नाही.

साडेतीन रुपये

आता तो हिशेब, जो आईने विचारल्यामुळे मला करावा लागला.

ऊस तोडायला बीड, अहिल्यानगर, सोलापूर, जालना या भागांतून दरवर्षी लाखो माणसे येतात. १९७२च्या दुष्काळानंतर हा ओघ फार वाढला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. बाईने सुट्टी घेतली तर अर्धा नाही, पुरा कोयता थांबतो. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले निघाले.

जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या साखर संकुलात ऊसतोड संघटना आणि साखर संघ यांचा करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि तो टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. जोडीने दिवसभर राबून दीड-दोन टन तोडायचा.

एक टन उसातून साधारण १०५ किलो साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेत तोडणीची मजुरी सुमारे साडेतीन रुपये. पंचेचाळीसातले साडेतीन.

मी हा आकडा दोनदा तपासला, कारण मला तो मोठा निघेल असे वाटले होते. समजा, तोडणीची मजुरी उद्या दुप्पट झाली आणि सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकला, तर साखर साडेतीन रुपयांनी महाग होईल. महिन्याला चार किलो साखर लागणाऱ्या घराला चौदा रुपये जास्त पडतील. माझ्या गुळाच्या पुड्यावर मी जेवढे जास्तीचे पैसे मोजले होते, त्यात हा फरक कित्येक महिने भागला असता.

मग अडते कुठे? तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याकडे शेतकऱ्याच्या उसाच्या पैशांतून वजा होतो. ३४०० रुपये टनाचा अर्थ किलोभर साखरेमागे नुसत्या उसाचे ३२ रुपये, आणि त्यातूनच तोडणी जाते. म्हणजे मजुरी वाढली की ती गिऱ्हाइकाला लागत नाही, आमच्या वडिलांना लागते. इकडे ऊस वेळेवर तुटावा म्हणून शेतकरी टोळीला वर 'खुशाली' देतो आणि त्यावरून बांधावर भांडणे होतात. वरचा भाव कुणीतरी लांब बसून धरून ठेवलेला, आणि खाली ज्यांच्याकडे कमी आहे ती दोन माणसे एकमेकांच्या ताटातले मोजत बसलेली. सुप्याच्या बाजारात निदान पेटी कुणाकडे आहे हे दिसत होते.

गुळानेही सुटका होत नाही. गुऱ्हाळाला एफआरपी लागू नाही, आणि गुळाचा ऊसही कोयत्यानेच तुटतो. सेंद्रिय हे मातीबद्दलचे विधान आहे. सल्फरलेस हे कारखान्यातल्या प्रक्रियेबद्दलचे. दोन्ही घेणाऱ्याच्या तब्येतीसाठी आहेत.

आईला मी साडेतीन रुपयांचा हिशेब सांगितला. तिने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "चौदा रुपयं तर मी उद्या द्यायला तयार हाय. पर द्यायचं कुठं? दुकानात असं कोण घेतंय का?"

मला वाटते, सगळ्या विषयाचे सार या प्रश्नात आहे. १७९१च्या इंग्रज बाईला निदान दुसरी साखर घेता येत होती, भले तिच्यावरचे लेबल अर्धे खरे असो. आमच्याकडे सगळ्या पोत्यांतली साखर एकाच शिवारातून, एकाच कोयत्याखालून आलेली. जास्तीचे पैसे द्यायची तयारी असलेल्या गिऱ्हाइकासाठी खिडकीच नाही. आणि खिडकी नाही म्हणून मी ते पैसे पुड्यावर खर्च केले आणि बरे वाटून घेतले.

खिडकी

खिडकी एकट्याने उघडत नाही, हे या भागाच्या इतिहासातून मला दिसते. कळसला समापत्र लागले, सभासदाला कारखाना काढावा लागला. गिऱ्हाइकांनीही हे केलेले आहे. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ, महिन्याची यादी एकत्र, माल थेट घाऊक. मधली साखळी तोडून स्वस्त आणि चोख माल मिळवणे हा उद्देश होता आणि तो साधला. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागेही या चळवळीचा रेटा होता. त्या यादीत ग्राहकाचा हक्क आला. वस्तू करणाऱ्याच्या मजुरीचा रकाना आला नाही, पण रकाना वाढवायला वही तरी तयार आहे.

दुसरी एक अर्धवट उघडी खिडकी सरकारी आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ निघाले आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये घेण्याचे ठरले. किलोभर साखरेमागे हे दहा पैसे होतात. चहाच्या कपात घातलेल्या चमचाभर साखरेमागे किती, ते मी काढले आणि तो आकडा इथे लिहायला लाजतो.

शिवाय देशातली अर्ध्याहून जास्त साखर घरात जातच नाही. ती थंड पेये, बिस्किटे, मिठाई यांच्या कंपन्या घेतात. २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या ऊसतोड स्त्रियांवर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मोठा लेख छापला तेव्हा प्रश्न या मोठ्या गिऱ्हाइकांनाच विचारले गेले. घरच्या चार किलोंवर स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

म्हणून दुकानातल्या यादीबद्दल माझे मत सध्या असे आहे. परवडेल ते घ्यावे. महाग पुड्याने पाप धुतले जात नाही आणि स्वस्त साखरेने कुणी पापी होत नाही. पण स्वस्त म्हणजे फुकट झालेला खर्च असे समजू नये. तो कुठे गेला हे माहीत असावे. आणि भाववाढीची बातमी येईल तेव्हा 'साखर महागली' म्हणून लगेच ओरडण्याआधी विचारावे, की वाढलेल्यातले कोयत्याला किती?

हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते बोलायचे कुठे, तर आमच्यापुरते कारखान्याच्या वार्षिक सभेत. तिथे सभासद ऊसदर विचारतो, साखरेचे पोते कधी मिळणार विचारतो. यंदा सभासदांच्या साखरेवर किलोला साडेतीन रुपये जास्त घ्या आणि ते तोडणी मजुरांच्या खात्यावर वेगळे दाखवा, असा ठराव मांडायचे मी वडिलांना सुचवले. सवलतीच्याच साखरेवर साडेतीन रुपये, कुणाला जड जाणार नाही. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मांडीन. पण अनुमोदन कोण देणार?"

कळसच्या समापत्रावर पहिली सही करणाऱ्यालाही हीच चिंता असणार. गुळाचा पुडा अजून फडताळात आहे. आईने एकदाच त्याचा चहा केला होता.